सॅन डिएगोत दोन दिवस: टॅको आधी, बीअर मागून

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. शुक्रवारी संध्याकाळी सॅन होजेहून विमानानं सॅन डिएगोला पोचताय, रविवारी रात्री परत. तिघं आहात. तुम्हाला पुण्यात असल्यापासून गव्हाची बीअर आवडते, आयपीए (हॉप्स नावाच्या फुलांनी कडू केलेली बीअर) कडूजहर लागते. सुट्टीवर आलेल्या धाकट्या भावाला मात्र इथली आयपीएच प्यायची आहे. वहिनी शाकाहारी आहेत आणि पीत नाहीत. हातात दहा ब्रुअरी (बीअर बनवणाऱ्या जागा) आणि बारा टॅकोच्या (मक्याच्या छोट्या पोळीत सारण घालून खायचा मेक्सिकन पदार्थ) ठिकाणांची यादी आहे. ती दोन दिवसांत कशी बसवायची, गाडी भाड्यानं घ्यायची का, आणि जमलं तर सीमेपलीकडच्या, मेक्सिकोतल्या तिहुआनाला चक्कर मारायची का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

यादी बसणार नाही, आणि बसवूही नका. मी इथे ब्रुअर आहे, मिरामारच्या बाजूला एका लहान ब्रुअरीत काम करते, आणि नातेवाईक-मित्र आले की हाच बेत आखून देते. अडचण अंतराची वाटते, पण ती खरं तर पोटाची आणि जिभेची असते. तिसऱ्या-चौथ्या ब्रुअरीनंतर बीअरची चव कळेनाशी होते, आणि दिवसभरात सहाव्यांदा टॅको खाताना भूकच उरलेली नसते. ज्यासाठी एवढ्या लांब आलात तेच हातून निसटतं.

आधी हिशोब मांडते, कारण त्यावरच बाकी सगळं अवलंबून आहे. ब्रुअरीच्या टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे तिथेच बीअर चाखायच्या जागेत, ‘फ्लाइट’ मिळते, म्हणजे चार छोटे ग्लास, प्रत्येकी चार औंसांचा. एक ग्लास १२० मिलीच्या आसपास, चार मिळून सुमारे ४७० मिली. इथल्या बीअर सरासरी ७ टक्के धरल्या तर एका फ्लाइटमध्ये साधारण २६ ग्रॅम अल्कोहोल जातं. आपल्याकडच्या ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत जवळपास तेवढंच असतं. ग्लास इवलेसे दिसतात, म्हणून माणूस ‘नुसती चव घेतोय’ म्हणत एक अख्खी मोठी बाटली रिचवतो. शरीर तासाला साधारण आठ-दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं, म्हणजे एका फ्लाइटला जवळजवळ तीन तास. पाच ब्रुअरींत पाच फ्लाइट घेतल्या तर काय होईल ते तुम्हीच मोजा. म्हणून माझा नियम असा: दिवसाला दोन ब्रुअरी, आणि दोघांत एक फ्लाइट. त्यातलं काही मनापासून आवडलं तरच त्याचा अर्धा किंवा पूर्ण ग्लास वेगळा मागवायचा.

यावरून गाडीचं उत्तरही आलंच. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची कायद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण त्याच्या खाली असतानाही गाडी चालवताना गडबड दिसली तर पोलीस कारवाई करू शकतात. वहिनी पीत नाहीत म्हणून त्यांच्या हाती दोन्ही दिवस स्टिअरिंग देणं मला पटत नाही. त्याही सुट्टीवरच आहेत. विमानतळ गावाला अगदी लागून आहे, तेव्हा डाउनटाउन किंवा लिटल इटलीत उतरा. तिथून ट्रॉली (शहरातली हलकी रेल्वे), पाय आणि उबर यांत सगळं होतं. एक अपवाद: तुमच्यापैकी कुणाला चालायला त्रास असेल किंवा लहान मूल सोबत असेल, तर मला पुन्हा विचारा, मी बेत वेगळा आखून देईन.

आता ‘लोकल’बद्दल. तुमच्या यादीतली काही नावं फार मोठी आहेत, पण मोठं नाव आणि स्थानिक हात यांची गल्लत होऊ देऊ नका. स्टोन ब्रुइंग १९९६ साली सॅन मार्कोसमध्ये सुरू झाली. २०२२ मध्ये ती जपानच्या सापोरोनं विकत घेतली. बॅलास्ट पॉइंटचा जन्म इथल्याच, घरी बीअर बनवणाऱ्यांना सामान विकणाऱ्या एका दुकानातून झाला. २०१५ साली एका मद्य कंपनीनं ती एक अब्ज डॉलरला घेतली, आणि चारच वर्षांत पुन्हा विकून टाकली. या ठिकाणी बीअर वाईट मिळते असं मी म्हणणार नाही. स्टोननंच तर आमच्या पिढीला कडू बीअरची गोडी लावली. पण तुमच्या मनात ‘बनवणाऱ्याच्या हातची’ बीअर असेल, तर अशी जागा शोधा जिथे टॅपच्या (बीअरच्या नळांच्या) मागे काचेतून किंवा उघड्या शटरमधून टाक्या दिसतात आणि ओतणाऱ्याला विचारलं की ‘ही परवाच भरली’ असं उत्तर मिळतं. कॅनवर उलट्या बाटलीचं छोटं चिन्ह दिसलं तर ती ब्रुअरी स्वतंत्र आहे असं समजा. अमेरिकेतल्या ब्रुअरांच्या संघटनेनं २०१७ पासून ते सुरू केलंय. आणि एक, निघण्याआधी प्रत्येक ठिकाणची वेळ त्या दिवशीच तपासा. गेल्या काही वर्षांत इथल्या बऱ्याच टेस्टिंग रूम बंद झाल्यात, जुन्या याद्यांवर जाऊ नका.

भावाला इथली आयपीए का प्यायची आहे, आणि ती तुम्हाला का आवडत नाही, याचं कारण एकच आहे. सॅन डिएगोची म्हणून जी आयपीए ओळखली जाते ती कोरडी असते. आम्ही माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, ६४ ते ६६ अंश सेल्सियसला भिजवतो, तेव्हा त्यातल्या स्टार्चची अशी साखर होते की यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकते. गोडवा उरतच नाही. रंग आणि गोडी देणारा क्रिस्टल माल्ट आम्ही चिमूटभर घालतो किंवा घालतच नाही. मग वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उकळताना हॉप्स, आणि फर्मेंटेशन (आंबवणं) उरकल्यावर पुन्हा थंड टाकीत हॉप्स. ही दुसरी खेप सुगंधासाठी असते. संत्र्याची साल, पाइन, चकोतरा यांचा वास येतो तो तिथूनच. इथलं पाणी मुळात जड. बरंचसं कोलोरॅडो नदीतून येतं आणि त्यात सल्फेट असतं, जे हॉप्सच्या कडूपणाला धार लावतं. आता बहुतेक ब्रुअरी पाणी आधी गाळून हलकं करतात आणि मग हवं तेवढंच जिप्सम (सल्फेट असलेलं खनिज) मोजून परत घालतात. गोडव्याचा आधार नसल्यामुळे कडूपणा जिभेवर उघडा पडतो. ज्याला तोच हवा असतो त्याला यासारखं दुसरं काही लागत नाही.

तुमची गव्हाची बीअर बरोबर उलट्या टोकाला आहे. पुण्यात २००९ साली डूलाली ही ब्रुअरी सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या बऱ्याच जणांची क्राफ्ट (छोट्या ब्रुअरीतल्या) बीअरशी पहिली गाठ हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बीअरमुळेच पडली. तिच्यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमधून येतो, हॉप्स नावापुरते असतात. म्हणून टॅपवर ‘क्राफ्ट’ लिहिलंय ते सगळं तुम्हाला आवडेल असं समजू नका, आणि एक आयपीए आवडली नाही म्हणून सॅन डिएगोवर फुलीही मारू नका. तुमच्यासाठी इथे कोल्श आणि पिल्सनर (दोन्ही हलक्या, स्वच्छ चवीच्या), मेक्सिकन धाटणीची लागर (थंडीत हळूहळू आंबवलेली बीअर), बेल्जियन विट (गव्हाची) आणि सेझाँ (कोरडी, मसालेदार वासाची) असं बरंच काही असतं. हल्ली तर आम्ही ब्रुअर मंडळी कामावरून सुटल्यावर लागरच पितो. ती बनवायला जास्त वेळ लागतो आणि तिच्यात चूक लपवायला जागा नसते. बारमधल्या माणसाला सरळ सांगा, ‘कडू नको, केळं-लवंगेकडे झुकणारी किंवा स्वच्छ, हलकी काहीतरी द्या.’ तो दोन घोट चाखायला देईल. त्यासाठी संकोच नको, इथे ती रीतच आहे.

शुक्रवारी संध्याकाळी मी बीअरच्या मागे लागणार नाही. प्रवासातून आलेल्या भुकेला आधी टॅको द्या. गॅसलॅम्प भागात टॅकोस एल गोर्डोची शाखा आहे. हे दुकान मूळचं तिहुआनाचं, १९७२ पासूनचं. तिथे आत शिरल्यावर एकच रांग शोधू नका. प्रत्येक मांसाची रांग वेगळी, ज्याचं हवं त्याच्यासमोर उभं राहायचं. सगळ्यात लांब रांग असते ती अडोबाडाची, म्हणजे लाल मसाल्यात मुरवलेल्या डुकराच्या मांसाची. उभ्या सळईवर तो मांसाचा थर रचलेला असतो, ज्योतीकडे तोंड केलेली बाजू तेवढी करपत जाते आणि कारागीर तीच पातळ तासून थेट हातातल्या टॉर्टियावर, म्हणजे मक्याच्या पोळीवर, झेलतो. वर कांदा, कोथिंबीर, साल्सा (मिरचीची चटणी). ही सळईची पद्धत मेक्सिकोत लेबनॉनहून आलेल्या लोकांनी नेली, शावर्मा ज्या तऱ्हेनं भाजतात तीच ही. मिळाल्याबरोबर उभ्या उभ्या खा. फोटो काढण्यात तीन-चार मिनिटं गेली की खालची टॉर्टिया ओली होते आणि मांसावरची कुरकुरीत कड मऊ पडते. त्यानंतर जवळपास कुठेही एक ग्लास अंबर (तांबूस) लागर घ्या आणि झोपा. अंबर लागर का ते पुढे सांगते.

इथे टॉर्टियाबद्दल थोडं बोलू द्या, कारण टॅको चांगला की वाईट हे बहुतेक वेळा आतल्या सारणाआधी तीच ठरवते. मक्याच्या पिठाची आपली भाकरी वाकवली की मोडते. टॉर्टियाही मक्याचीच, पण घडी घातली तरी तुटत नाही. कारण मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवतात. त्यानं साल सुटते, दाण्यातलं पीठ एकमेकांना धरून राहतं, आणि मक्यातलं नायसिन शरीराला मिळायला लागतं. तो ओला मका वाटून जी कणीक होते ती मासा. जिथे टॉर्टिया समोर हातानं किंवा लहान यंत्रावर दाबून भाजतात तिथे एक खरपूस, किंचित चुन्याचा वास येतो. तो वास आला की थांबा. बाहेरच्या पाकिटातल्या टॉर्टिया थंड तव्यावर नुसत्या कोमट करून देणारी दुकानंही पुष्कळ आहेत, त्यांची नावं मोठी असली तरी माझी पावलं तिकडे वळत नाहीत.

शनिवारी दुपारी मिरामार. हा भाग लष्करी विमानतळाच्या बाजूचा, गोदामांचा. पर्यटनाची कुठलीच खूण नाही. लोखंडी शटर, समोर पार्किंग, डोक्यावरून अधूनमधून जेट विमानं. ब्रुअरी इथे का जमल्या त्याचं कारण साधं आहे. आम्हाला उंच छत, धुता येईल अशी जमीन, मोठी गटारं आणि परवडणारं भाडं लागतं, आणि हे सगळं गोदामातच मिळतं. त्यात कॅलिफोर्नियात छोट्या ब्रुअरीच्या परवान्यावर स्वयंपाकघर नसतानाही टेस्टिंग रूम चालवता येते. म्हणून दारात टॅकोचा ट्रक उभा राहतो. बीअर आणि टॅको यांची जी जोडी तुम्ही ऐकून आलात ती बऱ्याच अंशी या परवान्याच्या सोयीतून आणि वीसएक मैलांवर असलेल्या सीमेतून जुळली आहे. कुठल्या दिवशी कुठला ट्रक हे ब्रुअरी आपल्या वेबपानावर लिहितात, ते पाहून मगच ठिकाण ठरवा.

मिरामारमध्ये एलस्मिथला जाच. १९९५ पासूनची ब्रुअरी आहे, जागा भली मोठी, टाक्या समोर दिसतात. त्यांची ‘.३९४’ नावाची पेल एल (आयपीएची सौम्य बहीण) भावानं आधी घ्यावी. तो आकडा म्हणजे इथल्या पाद्रेस बेसबॉल संघाचा टोनी ग्विन, त्याची १९९४ च्या हंगामातली सरासरी. त्याच्याशी बोलूनच ती बीअर घडवली गेली. सॅन डिएगोच्या माणसासमोर हे नाव घेतलंत तर तो लगेच गप्पा सुरू करेल. त्यांचा ‘स्पीडवे स्टाउट’ (स्टाउट म्हणजे काळी, भाजक्या माल्टची बीअर) कॉफी घातलेला, १२ टक्क्यांचा आहे. तो सगळ्यात शेवटी, चार औंसांतच, दोघांत वाटून घ्या. क्रम महत्त्वाचा आहे: हलकी आधी, कडू नंतर, जड आणि भाजक्या चवीची शेवटी. एकदा स्टाउट किंवा दुहेरी (आणखी जड) आयपीए जिभेवरून गेली की पिल्सनर पाण्यासारखी लागते. दोन ग्लासांमध्ये साधं पाणी आणि एखादा घास.

तिथून जवळच व्हाइट लॅब्ज आहे. ही कंपनी १९९५ पासून ब्रुअरींसाठी यीस्ट वाढवते, जगभर पाठवते. त्यांच्या टेस्टिंग रूममध्ये एकच वर्ट वेगवेगळ्या यीस्टनं आंबवून शेजारी शेजारी चाखायला ठेवतात. खुली असेल तर तुमच्यासाठी खास सुचवते, पण नुसते घोट घ्यायला, म्हणून दोन ब्रुअरींच्या नियमात मी ती धरत नाही. माल्ट तोच, हॉप्स तेच, पाणी तेच, आणि एका ग्लासात केळं येतं, दुसऱ्यात काहीच नाही. तुम्हाला हेफेवायझन का आवडते हे त्या दोन घोटांत जेवढं कळेल तेवढं माझ्या चार परिच्छेदांत कळणार नाही.

ट्रकसमोर उभं राहिल्यावर काय मागवायचं? घरी बीफ चालत नसेल तर हे पाठ करून ठेवा. कार्ने आसादा, सुआदेरो, लेंग्वा, काबेसा, त्रिपा आणि बहुतेक ठिकाणची बिर्रिया ही गाईची. अडोबाडा, अल पास्तोर, कार्नितास, बुचे, चोरिसो ही डुकराची. पोयो म्हणजे चिकन, पेस्कादो मासा, कामारोन कोळंबी. तवा आणि चिमटे बहुतेक सामाईक असतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी मासळीचा वेगळा ट्रक शोधावा.

बीअर कुठल्या टॅकोबरोबर, यात माझा हट्ट आहे. तिखटानं जिभेला जी आग होते ती अल्कोहोलनं आणि हॉप्सच्या कडूपणानं वाढते, आणि बुडबुड्यांनी ती आणखी टोचते. हाबानेरो या जहाल मिरचीच्या साल्सावर थंडगार आयपीएचा घोट घेतला की क्षणभर बरं वाटतं आणि मग तोंड पेटतं. म्हणून तिखट साल्सा असेल तिथे अंबर किंवा व्हिएन्ना लागर. तिच्यात भाजलेल्या ब्रेडसारखी माल्टची चव असते, ती मिरचीला सांभाळून घेते. व्हिएन्ना लागरचा जन्म १८४१ चा, अँटोन ड्रेहरच्या हातचा. युरोपातून मेक्सिकोत गेलेल्या ब्रुअरांनी ती तिथे रुजवली आणि आजच्या तपकिरी मेक्सिकन बीअर तिच्याच घराण्यातल्या आहेत. म्हणून शुक्रवारी अडोबाडावर अंबर सांगितली. आयपीए द्यायची तर कार्ने आसादाला द्या. कोळशावर करपलेली कड, चरबी आणि मीठ यांच्यासमोर ती छान उभी राहते. मिठानं कडूपणा दबतो आणि कडूपणानं चरबी कापली जाते. फक्त साल्सा जपून, त्याऐवजी ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी) घाला. तुमच्या भावाला इथेच आयपीए खरी कळेल. नुसती पिऊन कळणार नाही.

माशाच्या टॅकोला पिल्सनर किंवा हलकी लागर. पीठ लावून तळलेला पांढरा मासा, वर कच्चा कोबी, पातळ क्रीम, लिंबू. हा मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा प्रकार. सॅन डिएगोत तो घरोघरी पोचवला राल्फ रुबिओनं. कॉलेजात असताना तिथल्या सॅन फेलिपेला खाल्लेला टॅको त्याच्या डोक्यातून जाईना, म्हणून त्यानं १९८३ साली मिशन बेजवळ टपरी टाकली. पुढे तिची मोठी साखळी झाली. तुम्ही मात्र तो एखाद्या मारिस्कोस (मासळीच्या) ट्रकवर खा. तळणाचा आवाज ऐकून ऑर्डर द्या. मासा आधीच तळून जाळीवर ठेवलेला दिसला तर पुढे चला.

वहिनींसाठी जरा विस्तारानं, कारण शाकाहाराच्या बाबतीत इथे फसायला फार वाव आहे. मेन्यूवर ‘बीन्स आणि भात’ वाचून निश्चिंत होऊ नका. बीन्स बरेचदा डुकराच्या चरबीत परततात आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवतात. मैद्याच्या टॉर्टियातही चरबी असू शकते. मक्याची बहुधा सुरक्षित. विचारायचं ते असं: ‘तिएने मान्तेका?’ म्हणजे चरबी आहे का? आणि ‘सिन कार्ने, सिन काल्दो दे पोयो’, मांस नको, चिकनचं पाणी नको. हसतमुखानं विचारा, लोक नीट सांगतात. मागवण्याजोगं बरंच आहे. नोपालेस म्हणजे फड्या निवडुंगाचे कोवळे पानवजा तुकडे, काटे काढून भाजलेले, किंचित आंबट. राहास म्हणजे भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, चीजबरोबर. पापास म्हणजे बटाटे, ते भरून तळलेले टॅको मिळतात. कुठे भोपळ्याच्या फुलांची केसाडिया (चीज घालून दुमडलेली टॉर्टिया) मिळाली तर सोडू नका. पिण्यासाठी अग्वा फ्रेस्का, म्हणजे थंड सरबत, मागवा. होर्चाता तांदूळ आणि दालचिनीची. हामायका तर आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांची, गर्द लाल आणि आंबटगोड, वहिनींना ती घरच्यासारखी वाटेल. चिंचेचं पन्हंही असतं, तामारिंदो म्हणून मागा. शुक्रवारचं ठिकाण मात्र शाकाहाऱ्याला फार काही देत नाही. त्यांच्यासाठी त्या रात्री लिटल इटलीत वेगळी सोय आधीच बघून ठेवा, उपाशी बसवू नका.

शनिवारी दुपारी चार-पाचला हॉटेलवर परत या, दोन तास पडा. संध्याकाळी नॉर्थ पार्क. थर्टिएथ स्ट्रीटवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं, दोन्ही बाजूंना बीअरची ठिकाणं आणि खाणं. वीगन टॅको या भागात सहज मिळतात, म्हणून वहिनींचं जेवण इथेच मनासारखं होईल. नॉर्थ पार्क बीअर कंपनीत भावानं ‘हॉप-फू’ घ्यावी. दुपारची .३९४ आठवत असेल तर दोन्हींतला फरक त्याला स्वतःला सांगता येईल. त्या रात्री तेवढंच. दुसरी ब्रुअरी मनात आली तरी उद्यावर ढकला.

ग्लास हातात आला की एक बघा. काचेच्या आतल्या बाजूला, मध्यावर, बुडबुडे चिकटून बसलेत का? बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, साबणाचा किंवा तेलाचा थर राहिलाय. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची एक कडी काचेवर उरते. असा मळका ग्लास आला तर बदलून मागा. आमच्याकडे कुणी असं सांगितलं तर आम्हाला बरंच वाटतं, कारण तीन आठवडे राबून केलेल्या बीअरचा जीव त्या थरानं जातो.

रविवारी सकाळी ब्लू लाइन ट्रॉली पकडून बॅरिओ लोगनला उतरा. बीअर दुपारनंतर, आधी चिकानो पार्क (चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन). कोरोनाडो पुलाच्या उंच खांबांवर रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. पूल १९६९ मध्ये झाला, वस्ती मधोमध चिरली गेली. पुलाखाली पार्क देऊ म्हणून सांगितलेल्या जागेवर पोलीस ठाण्याचं काम सुरू होतंय हे कळल्यावर २२ एप्रिल १९७० रोजी लोकांनी तिथे ठाण मांडलं आणि जागा सोडली नाही. चित्रं १९७३ पासून रंगवली गेली. तुम्ही इथल्या टॅकोवर प्रेम करणार असाल तर ते बनवणाऱ्या लोकांनी ही जागा कशी राखली हे बघूनच खायला बसा, असं मला मनापासून वाटतं. मग लोगन अव्हेन्यूवर चालत या. बॉर्डर एक्स ही मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबाची ब्रुअरी तिथलीच. त्यांची ‘ब्लड सेझाँ’ त्याच हामायकाची, म्हणजे अंबाडीची, लालभडक आणि आंबटसर. गव्हाच्या बीअरवाल्यांना ती बहुतेक वेळा आवडते, आणि कार्नितासच्या चरबीवर तिच्यासारखी जोडी नाही. कडू काहीच नाही, बिनधास्त घ्या.

खर्चाचं म्हणाल तर ट्रकवरचा टॅको साधारण तीन ते पाच डॉलर, माणशी तीन पुरतात. बीअरचा पूर्ण ग्लास सात-नऊ डॉलरच्या घरात. टीप वेगळी. तिघांचीही ओळखपत्रं खिशात ठेवा, भावाचा पासपोर्ट विसरू नका. वय कितीही दिसत असो, दारात विचारतात. वहिनी पिणार नसल्या तरी काही ठिकाणी त्यांनाही दाखवावं लागेल.

घरी कॅन न्यायचे असतील तर तळाशी छापलेली भरल्याची तारीख वाचा. आयपीएचा सुगंध पहिल्या काही आठवड्यांत उतरायला लागतो, दोन-तीन महिन्यांपूर्वीची आयपीए सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. फ्रीजमधली घ्या, शेल्फवरची नको. चेक-इन सामानात कपड्यांच्या मध्ये, प्रत्येक कॅन वेगळ्या पिशवीत. भाऊ भारतात नेणार असेल तर शुल्क न भरता दोन लिटरपर्यंत मद्य नेता येतं. आयपीएऐवजी त्याच्या बॅगेत स्टाउट भरा, तो प्रवास आणि गरमी जास्त सोसतो.

राहता राहिलं तिहुआना. तिथली बीअर आणि टॅको दोन्ही उत्तम आहेत, आणि अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण परत येताना सॅन इसिद्रो या सीमाचौकीच्या रांगेत किती वेळ जाईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि रविवारी रात्री तुमचं विमान आहे. तुमच्या पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल आणि फक्त मुदतवाढीचे कागद हातात असतील, तर वकिलाला विचारल्याशिवाय सीमा ओलांडूच नका. भावाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे की अनेकदा, तेही बघा. या खेपेला ते सोडा. पुढे कधी तीन-चार दिवस घेऊन आलात तर एक अख्खा दिवस तिहुआनासाठी ठेवा, सकाळी पायी सीमा ओलांडा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आधी जाऊन या.